सोळा वर्षांचा कोल्हापूरचा आवाज नागपूरला नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील एका खासगी एफएम केंद्रावर सोळा वर्षे सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या एका निवेदिकेला नागपूरच्या दुसऱ्या कंपनीच्या केंद्राकडून बोलावणे आले आहे. वेळ सकाळचीच आहे आणि पगार आत्तापेक्षा बरा आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी शहर बदलावे का, बदलल्यास कोल्हापुरी बोलणे ठेवावे की पुसावे, करारात काय पाहावे आणि कोल्हापूरचा एखादा कार्यक्रम नागपुरातून सांभाळता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. मी आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषक म्हणून सुरुवात केली, पुढे पुण्यात खासगी एफएमवर आलो आणि २००८ साली नागपूरला गेलो. तेथे आधी सकाळचा निवेदक होतो, नंतर कार्यक्रम विभाग सांभाळला. त्यामुळे या उत्तरातले बरेचसे माझ्या स्वतःच्या चुकांमधून आलेले आहे.

ताई, माझे मत आधीच सांगतो: जा. मात्र रुजू होण्याचा दिवस आणि माइकसमोर बसण्याचा दिवस यांत किमान चार आठवड्यांचे अंतर मागून घ्या आणि ते लेखी घ्या. पगारात दोन-चार हजार कमी मिळाले तरी चालेल, पण हे अंतर सोडू नका. नवे व्यवस्थापन याला सहसा नकार देते, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांनी सोळा वर्षांचा अनुभव विकत घेतलेला असतो आणि अनुभवी माणसाला तयारी कशाला लागते, असे त्यांना वाटते. अडचण अशी की या सोळा वर्षांतला निम्म्याहून अधिक अनुभव हा निवेदनाचा नसून कोल्हापूरचा आहे.

हे जरा सविस्तर सांगायला हवे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. केंद्र सरकारच्या २०११ च्या एफएम धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुन्हा प्रसारित करण्याची मुभा तेवढी दिली. वाहतूक, हवामान, पाणी-वीज, परीक्षांचे निकाल, सण आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती मात्र बातमी धरली जात नाही. म्हणजे सकाळी सात ते अकरा या चार तासांत आपल्या हाती गाण्यांव्यतिरिक्त जे काही उरते, ते सारे शहराचेच असते. ‘गंगावेशीत आज गर्दी आहे’ एवढे तुम्ही म्हणालात की ऐकणाऱ्याला दूध कट्टा, समोर उभ्या केलेल्या म्हशी आणि हातातला फेसाळ पेला असे सगळे दिसते. ‘पापाची तिकटी’ म्हटले की पुढचा रस्ता सांगावा लागत नाही. शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असेल तर कोणत्या पेठेत कोणत्या सुरात बोलायचे, हे तुम्हाला विचार न करता कळते. तुमची लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधले बोलणे, चाळीस सेकंदांत संपते ती यामुळेच, कारण उरलेले तीन मिनिटांचे वर्णन श्रोत्याकडे आधीपासून असते. नागपुरात ते त्याच्याकडे असेल, पण तुमच्याकडे नसेल.

अमीन सयानी यांचा गीतमालेचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत असे आणि १९५२ पासून तो रेडिओ सिलोनवरून लागत असे, तरी कोणाला त्यात काही खटकले नाही, असा दाखला या बाबतीत हमखास दिला जातो. तो दाखला येथे लागू पडत नाही. त्या कार्यक्रमाला शहर नव्हते. त्याचा विषयच मुळी सगळ्या देशाला सारखी ठाऊक असलेली गाणी हा होता. रात्रीचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम घेऊन तुम्ही नागपूरला निघाला असता तर हे उत्तर मी चार ओळींत संपवले असते.

आता भाषेकडे येतो, कारण तुमचा खरा धाक तोच दिसतो. नागपूर हे जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या राजधानीचे शहर. ते १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे हिंदी तेथे बाहेरून आलेली भाषा नाही. दुकानात, ऑटोत, शेजारघरी ती मराठीइतकीच सहज चालते आणि खासगी एफएमवर तर अनेकदा मराठीपेक्षा जास्त चालते. म्हणून पहिला प्रश्न कोल्हापुरी ठेवावी का, हा नसून त्या केंद्राला तुमच्याकडून किती मराठी आणि किती हिंदी हवी आहे, हा आहे. हे स्पष्ट न विचारता गेलेले निवेदक मी पाहिले आहेत. दोन महिन्यांनी त्यांच्या हाती हिंदीत लिहिलेल्या लिंक ठेवल्या जातात आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या हिंदीत त्या वाचताना त्यांचा सोळा वर्षांचा आत्मविश्वास आठवड्याभरात उतरतो. तुमची हिंदी आज कशी आहे, हे एखादा अर्धा तास ध्वनिमुद्रित करून नागपुरातल्याच कोणाला तरी ऐकवा. घरच्यांना ऐकवू नका. ते बरेच म्हणतील.

बोलीबद्दल माझे मत ठाम आहे: वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलण्याचा प्रयत्न पहिले वर्षभर करू नका. ‘काऊन’ (का), ‘मले’, ‘तुले’ हे शब्द शिकायला दोन दिवस पुरतात, पण ‘करते आहे’ऐवजी ‘करून राहिली’ म्हणताना वाक्याचा तोल कुठे पडतो हे दोन वर्षांतही नीट जमत नाही आणि चुकीच्या तोलाने बोललेली बोली त्या माणसांना आपली नक्कल वाटते. ‘बे’ हा शब्द तर मित्रामित्रांतला आहे. माइकवरून तो तुम्ही कधीच वापरू नये. समजण्यासाठी मात्र सगळे शिका. बटाटेवड्याला तेथे आलूबोंडा म्हणतात, मिसळीचा कट तेथे तर्री होऊन पोह्यांवर येतो, शेंगदाण्यांना फल्लीदाणे म्हणतात आणि तुमची चपाती तेथे पोळी होते.

हे न शिकता गेल्याचा परिणाम मी भोगला आहे. माझ्या पहिल्याच आठवड्यात थंडी पडू लागली होती आणि ‘आज घरात काय शिजते आहे’ असा साधा फोनचा विषय घेतला होता. एका काकूंनी सांगितले की त्या सांभारवडी करताहेत. मी अत्यंत उत्साहाने विचारले, ‘वा! मग सोबत इडलीही असेल?’ पलीकडे काही क्षण शांतता. मग काकू हसू लागल्या, मागे त्यांची सून हसू लागली आणि काचेपलीकडे माझा निर्माता टेबलावर डोके ठेवून हसत होता. विदर्भात सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मला गाणे लागल्यावर कळले. तोवर फोनच्या सगळ्या ओळी लागलेल्या होत्या आणि प्रत्येकाला मला कोथिंबीर समजावून सांगायची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी कॉटन मार्केटला गेलो, सांभाराची जुडी घेतली, भाव विचारला आणि सातच्या पहिल्या लिंकमध्ये तो भाव आणि माझे अज्ञान दोन्ही सांगून टाकले. त्या काकू पुढे वर्षभर फोन करीत राहिल्या आणि निर्मात्याला सांगत, ‘इडलीवाल्या भाऊंना द्या.’ ती चूक कार्यक्रमाला लाभलीच, पण हे लक्षात ठेवा की अशा चुकीचा लाभ एकदाच होतो. तिसऱ्या महिन्यात मी तेच केले असते तर ते अज्ञान न राहता आळस ठरला असता.

तुमच्याबाबत आणखी एक बारीक गोष्ट आहे. कोल्हापुरातल्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि तुमच्या कार्यक्रमातही तुम्ही तसेच बोलत असणार. नागपूरच्या कानाला ती बोली वाटणार नाही, व्याकरणाची चूक वाटेल. ते पुसून टाका असे मी म्हणणार नाही, कारण पुसलेले बोलणे लगेच ओळखू येते आणि शब्दागणिक स्वतःवर पहारा ठेवणाऱ्या माणसाचा श्वास माइकमध्ये ऐकू येतो. पहिल्या आठवड्यात एकदा, हसत, हे कुठून येते ते सांगून टाका. नंतर ते आपोआप आले तर येऊ द्या, पण गंमत म्हणून मुद्दाम आणू नका. ‘नाद खुळा’लाही हाच नियम. कोल्हापूरची बाई म्हणून तुमचा एक ठसा जाहिरात विभागाला लगेच हवा असतो आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जिंगल तयार होऊ लागतात. त्याला पहिल्याच बैठकीत नकार द्या, नाहीतर पाच वर्षांनंतरही तुम्ही त्या शहरात पाहुण्याच राहाल.

‘आमच्या कोल्हापुरात’ हे शब्द आठवड्यातून एकदाच. मी निर्मात्याला माझे ‘आमच्या पुण्यात’ मोजायला सांगितले होते आणि पहिल्या सोमवारी एकाच कार्यक्रमात ते अकरा वेळा निघाले. पुणेकराच्या तोंडी ते ऐकणे नागपूरकराला किती गोड वाटत असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

त्या मागून घेतलेल्या चार आठवड्यांत काय करावे? कार्यालयात बसू नका. पहाटे साडेपाचला कॉटन मार्केट, मग इतवारी, महाल, सक्करदरा, धरमपेठ असे पायी आणि शहर बसने फिरा. सीताबर्डीला तेथे कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, ‘बर्डी’ म्हणतात. असे उच्चार वहीत लिहून घ्या, कारण नकाशावरचे नाव वाचणारा निवेदक पहिल्याच वाहतूक लिंकमध्ये पकडला जातो. दुकानदारांना रेडिओबद्दल काही विचारू नका. दुकानात रेडिओ लागलेला आहे का, कोणता लागला आहे, कोणत्या लिंकला त्यांनी मान वर केली, एवढेच पाहा. तुमच्या आधी त्या वेळेत जो कोणी बोलत असेल त्याचे जुने भाग मिळवून ऐका. त्याचा एखादा लहानसा नेम, समजा वाढदिवसांची नावे वाचण्याचा, श्रोत्यांना लागलेला असेल तर तो पहिले सहा महिने बदलू नका. त्याच्याविषयी माइकवर किंवा माइकबाहेर एकही उणा शब्द काढू नका. शहरातले लोक त्याला तुमच्याहून अधिक वर्षे ओळखतात.

वर्षाचे चक्रही वेगळे आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, तेव्हा माणसे सकाळी लवकर कामे उरकतात आणि दुपारी रस्ते ओस पडतात; कोल्हापुरात साडेआठला चालणारी लिंक तेथे मे महिन्यात सातलाच लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो आणि त्याच दिवशी काळी व पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ही परंपरा नागपुरात १८८० च्या दशकापासून चालत आलेली आहे. त्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ हा घोष सगळीकडे असतो आणि बडगे, म्हणजे सोबतचे टीकेचे पुतळे, कोणाचे केले आहेत यावर शहर दिवसभर बोलत असते. हा दिवस तुम्ही स्टुडिओत बसून करू नका, रस्त्यावर करा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात; १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसांत वाहतुकीची, पाण्याची, निवाऱ्याची, परतीच्या गाड्यांची माहिती नेमकी आणि आदराने द्या. सकाळचा नेहमीचा थट्टेचा सूर त्या दिवशी बाजूला ठेवा. डिसेंबरच्या आसपास विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते आणि तेव्हा बंद होणारे रस्ते हाच आठ-दहा दिवसांचा विषय असतो.

आता करार. कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्या. मी अनुभव सांगतो. तुमच्या जुन्या करारात ‘नोकरी सोडल्यावर अमुक महिने दुसऱ्या केंद्रावर बोलणार नाही’ असे कलम असण्याची शक्यता आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी न्यायालये सहसा मानत नाहीत, पण नोटिशीचा काळ पूर्ण करण्याची अट वेगळी आहे आणि ती पाळावी लागते. दुसरे म्हणजे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, करारात वेगळे ठरले नसेल तर, मालकाकडे जातो. त्यामुळे सोळा वर्षांत तुम्ही घडवलेले कार्यक्रमाचे नाव, एखादे काल्पनिक पात्र, त्याची हाक हे सारे बहुधा कोल्हापुरातच राहील. तुमचे स्वतःचे नाव तुमचे आहे. केंद्राने ठेवलेले टोपणनाव असेल तर करार पुन्हा वाचा. समाजमाध्यमांवरचे खाते कोणाच्या मोबाइल क्रमांकावर उघडले होते, हेही आजच तपासा. या एका गोष्टीवरून मी दोन चांगल्या माणसांचे आपल्या जुन्या केंद्रांशी कायमचे वाकडे आलेले पाहिले आहे.

पगाराचा हिशेब करताना एक बाब बहुतेक जण विसरतात. लहान शहरात सोळा वर्षे काढलेल्या निवेदिकेला लग्नसमारंभ, शोरूमची उद्घाटने, संस्थांचे कार्यक्रम यांचे सूत्रसंचालन मिळत असते आणि हंगामात ती रक्कम पगाराच्या जवळ जाते. नागपुरात पहिले वर्षभर हे उत्पन्न जवळजवळ शून्य धरा. माझ्या बाबतीत ते तसेच झाले आणि वाढलेला पगार घरभाड्यातच संपला. उलट एक सोय आहे. श्रोत्यांची जी नियमित मोजणी रॅम नावाने होत असे, ती मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता या चारच शहरांत होती. त्यामुळे आमच्यासारख्या शहरांतल्या निवेदकाचे यश फोन, व्हॉट्सअॅपवरचे निरोप आणि मुख्यतः स्थानिक जाहिरातदाराचे मत यांवर ठरत आले आहे. ज्या सराफाची किंवा शिकवणीवर्गाची जाहिरात तुमच्या तासात आहे, त्याच्या दुकानात पहिल्या महिन्यातच विक्री विभागाच्या माणसाबरोबर स्वतः जाऊन या. तुमच्या बाजूने बोलणारा तो पहिला नागपूरकर असेल.

कोल्हापूरचा कार्यक्रम नागपुरातून करण्याविषयी: २०११ च्या धोरणानुसार कंपनीला आपल्या देशभरातल्या केंद्रांवर एकच कार्यक्रम लावता येतो, पण तो स्वतःच्याच केंद्रांवर. तुम्ही कंपनीच बदलत आहात, म्हणून हा प्रश्न बहुतेक मिटलाच. नवी कंपनी पुढे एखाद्या तिसऱ्या शहरासाठी आधी ध्वनिमुद्रित करून लिंक मागेल. रात्रीच्या कार्यक्रमासाठी त्या द्या, सकाळसाठी देऊ नका. तेथे पाऊस पडत असताना तुम्ही छान ऊन पडल्याचे सांगत असाल. आकाशवाणीचा रस्ताही तुम्ही चाचपून पाहत असाल तर ध्यानात घ्या की नैमित्तिक उद्घोषक त्या त्या केंद्राशी बांधलेला असतो. दुसऱ्या शहरात गेल्यावर स्वरचाचणी पुन्हा द्यावी लागते.

निरोपाचे मात्र आत्ताच ठरवा. राजीनामा दिला त्याच दिवशी निवेदकाला माइकपासून उठवणारी केंद्रे आहेत, कारण शेवटच्या दिवसात हा माणूस नव्या केंद्राचे नाव घेईल अशी त्यांना भीती असते. एका केंद्राने माझ्याशी तसेच केले. दुसऱ्या दिवशी सात वाजता माझ्या जागी नुसती गाणी लागली आणि आठवडाभर लोक माझ्या तब्येतीची चौकशी करीत होते. म्हणून राजीनामापत्र देतानाच दोन मिनिटांच्या शेवटच्या लिंकचा लिखित मजकूर सोबत द्या. त्यात नव्या शहराचे किंवा केंद्राचे नाव नसेल, हे स्पष्ट लिहा आणि हवे तर आधी ध्वनिमुद्रित करून तपासायला देण्याची तयारी दाखवा. बहुतेक वरिष्ठ याला हो म्हणतात. मजकुरात आभारांची लांब यादी नको. सोळा वर्षे दररोज फोन करणारी दोन-चार माणसे असतील, त्यांना नावाने नव्हे पण ओळखीच्या खुणेने हाक मारा. बाकीचे आपोआप समजून घेतात.

तारखेचे शेवटी सांगतो. एप्रिल किंवा मे महिन्यात रुजू होऊ नका. त्या उन्हात शहर फिरता येत नाही, आणि बाहेरची झळ व स्टुडिओतला एसी यांच्या ये-जा करण्याने घसा पहिल्याच आठवड्यात बसतो. हे दुःख मी दोन उन्हाळे काढले. जुलैच्या सुरुवातीची तारीख मागा. चार आठवडे फिरण्यात गेले की ऑगस्टमध्ये माइकवर याल आणि पोळा, मारबत, गणपती, दसरा, अधिवेशन हे सगळे तुमच्या पहिल्या पाच महिन्यांतच येईल. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापुरातून निघून नागपूरवरून गोंदियाला जाते. सामान ट्रकने पाठवा आणि तुम्ही त्याच गाडीने जा. पूर्ण एक रात्र आणि दोन अर्धे दिवस लागतात. मनमाड सोडल्यावर जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा असे करत डब्यातली मराठी स्टेशनागणिक बदलत जाते. ती ऐकत जा, आणि वही हाताशी ठेवा.